पडताळून वाचायची पुस्तकं

(वाचनालयाच्या वार्षिक स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लेखी मसुदा)



निमंत्रणपत्रिकेत आजचा विषय 'बालवाचकांसाठी निसर्गविषयक साहित्य' असा छापला होता. मी चिटणीसांना फोन करून 'बालवाचकांसाठी' हा शब्द काढायला सांगितला. पत्रिका तोवर छापून आल्या होत्या, म्हणून त्यांनी त्या शब्दावर कागदाच्या पट्ट्या चिकटवून घेतल्या. त्यांना एवढा उपद्व्याप करायला का लावला, हे सांगणं आता माझ्याकडे लागतं.

परवा देवघेव विभागात जाऊन निसर्गावरची पुस्तकं आपल्याकडे कुठे कुठे ठेवली आहेत ते पाहून आलो. मारुती चितमपल्ली 'संकीर्ण'मध्ये आहेत. दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' ललित गद्यात. व्यंकटेश माडगूळकरांचं 'सत्तांतर' कादंबऱ्यांत आणि त्यांचंच 'नागझिरा' प्रवासवर्णनांत. शरदिनी डहाणूकरांचं 'वृक्षगान' आरोग्याच्या कपाटात, बहुधा बाई डॉक्टर होत्या म्हणून. सलीम अलींचं भारतीय पक्ष्यांवरचं इंग्रजी पुस्तक संदर्भ विभागात कुलपाआड. आणि 'प्राणी आपले मित्र' अशा थाटाची, मोठ्या टायपातली, चकचकीत चित्रांची पुस्तकं बालविभागात, म्हणजे जिन्याखाली. 'निसर्ग' असं कपाटच नाही. तेव्हा मोठा माणूस आला आणि म्हणाला, 'मला पक्ष्यांबद्दल काहीतरी वाचायला द्या', तर त्याला जिन्याखाली पाठवतात. तिथे तो नातवासाठी म्हणून एक पुस्तक उचलतो आणि स्वतःसाठी एखादी ऐतिहासिक कादंबरी घेऊन घरी जातो.

मला ऐतिहासिक कादंबरीचा राग नाही. पण ती वाचून झाल्यावर पानिपतावर जाऊन काही पडताळून पाहता येत नाही. निसर्गावरच्या पुस्तकाचं तसं नाही. लेखक म्हणतो अमुक पक्षी अमुक महिन्यात घरटं करतो. वाचकाला त्या महिन्यात विहिरीपाशी जाऊन बघता येतं. दिसलं तर पुस्तक खरं, नाही दिसलं तर का नाही, असा प्रश्न. लेखकाची उलटतपासणी घ्यायची मुभा वाचकाला देणारं हे वाङ्मय आहे, आणि त्यासाठी वयाची अट नाही. सहावीतल्या मुलीचे डोळे माझ्यापेक्षा केव्हाही चांगले.

एक उदाहरण जरा सविस्तर सांगतो.

सुगरण पक्षी तुम्ही सगळ्यांनी पाहिला आहे. निदान त्याचे खोपे तरी पाहिले आहेत: विहिरीवर वाकलेल्या बाभळीला, शिंदीच्या झावळ्यांना लटकलेले. बहिणाबाई चौधरींची खोप्याची कविता आपण शाळेत पाठ केली. तिच्यातली सुगरण ही आई आहे. हात नसताना, नुसत्या चोचीवर तिने पिलांसाठी झुलता बंगला उभा केला आहे. बहिणाबाई जळगावजवळच्या आसोद्याच्या. त्या लिहायला-वाचायला शिकल्या नव्हत्या. त्यांचा संग्रह त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ साली निघाला. ती कविता ऐकलेल्या कुणाही मराठी माणसाला विचारा, खोपा कोण बांधतं? तो सांगेल, मादी.

आता दुसरं पुस्तक उघडा. सलीम अली १९३० साली जर्मनीतून शिकून परत आले, तेव्हा मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममधली त्यांची जागा पैशांअभावी रद्द झाली होती. हातात काम नाही, म्हणून पत्नी तेहमिना यांच्यासह ते अलिबागजवळ किहीमला राहायला गेले. तिथे घराजवळच सुगरणींची वसाहत होती. आडोशाला बसून, दिवसच्या दिवस, त्यांनी ती पाहिली. त्यांना जे दिसलं ते असं: खोपा विणतो तो नर. पावसाळ्याच्या तोंडाला त्याचं डोकं आणि छाती पिवळी होते. गवताच्या किंवा उसाच्या पात्याच्या कडेला तो चोचीने खाच पाडतो, पातं चिमटीत धरून उडतो आणि लांब धागा सोलून काढतो. आधी फांदीला गाठी, मग एक कडं, मग त्या कड्यावर घंटेसारखा अर्धा खोपा. खाली उघडा, मध्ये एक आडवी पट्टी. इथे तो थांबतो. मग माद्या येतात. त्या आत शिरतात, विणकाम चोचीने ओढून बघतात, बाहेर येतात, शेजारच्याचा खोपा बघतात. एखादीने पसंत केला तर नर पुढचं काम करतो: अंड्यांची खोली बंद करतो, खाली लांब नळी विणतो. ती आत अंड्यांवर बसली की हा शेजारच्या फांदीवर दुसरा खोपा सुरू करतो, दुसऱ्या मादीसाठी. न पसंत पडलेले अर्धे खोपे तसेच लटकत राहतात. पुढच्या वेळी विहिरीवर गेलात तर बघा, एकाच झाडावर पुरे आणि अर्धे असे दोन्ही प्रकार दिसतील.

वर्गात हे सांगितलं की मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला: मग बहिणाबाई चुकल्या का? आपले काही पक्षिमित्र इथे मोठ्या उत्साहाने 'हो' म्हणतात. मी इतक्या घाईने म्हणणार नाही. खोप्यात एकदा अंडी आली की उबवणं मादीकडे, आणि चारा भरवण्याचा बराचसा भारही तिच्यावरच. शेतात काम करणारी बाई दिवसभर जो खोपा येता-जाता पाहते, त्यात सतत आतबाहेर करताना तिला मादीच दिसणार. बहिणाबाईंनी जे पाहिलं ते बरोबर पाहिलं. विणकामाचे पहिले दिवस त्यांनी आडोशाला बसून पाहिले नाहीत, कारण त्यांना निंदणी होती. सलीम अलींना तेव्हा काम नव्हतं. म्हणून दोन्ही पुस्तकं एकाच टेबलावर ठेवावीत. एकीकडे कविता, एकीकडे निरीक्षण, आणि खिडकीबाहेर शक्य असेल तर बाभूळ.

याच सुगरणीच्या खोप्यात आतल्या बाजूला ओल्या मातीचे गोळे लावलेले असतात. गावोगाव सांगतात की सुगरण त्यांत काजवे चिकटवून रात्री उजेड करते. काजव्यांचा उजेड हा लोकांनी लावलेला दिवा आहे, तसलं काही तिथे नसतं. पण मातीचे गोळे खरे आहेत. ते कशासाठी, यावर अभ्यासकांत अजून एकमत नाही. म्हणजे आपल्या गावातल्या एखाद्या पोरासाठी काम शिल्लक आहे.

चातकाचंही असंच. संतांपासून सिनेमाच्या गाण्यांपर्यंत तो चोच वर करून पावसाच्या थेंबाची वाट पाहत बसला आहे. प्रत्यक्षात तो काळा-पांढरा, डोक्यावर तुरा असलेला पक्षी आफ्रिकेतून येतो, मोसमी वाऱ्यांच्या आगेमागे पोचतो, केसाळ सुरवंट खातो आणि आपली निळी अंडी सातभाईंच्या घरट्यात टाकून मोकळा होतो. सातभाई बिचारे त्याचं पिल्लू वाढवतात. कवींनी त्याला एकनिष्ठेचं प्रतीक केलं, त्याला माझा इलाज नाही. पण तो पावसाबरोबर येतो, हे मात्र त्यांनी शेकडो वर्षांपूर्वी अचूक टिपलं होतं. प्रतीक बाजूला काढलं की खाली नोंद सापडते. आपल्या जुन्या वाङ्मयात अशा नोंदी भरपूर आहेत. त्या उकरून काढायला निवृत्त माणसांना वेळ आहे, म्हणून हे काम मी साठीपुढच्या सभासदांना सुचवतो.

आता वयाचा मुद्दा. पालक मला विचारतात, 'सत्तांतर' कितव्या वर्षी वाचायला द्यावं? १९८२ साली आलेली ही छोटी कादंबरी, दुसऱ्या वर्षी तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. माणूस त्यात जवळजवळ नाहीच. वानरांच्या टोळ्या, त्यांचे मुलूख, एका टोळीचा म्होरक्या आणि त्याला हुसकून लावू पाहणारे बाहेरचे नर. त्यात एक गोष्ट घडते जी पालकांना खुपते. टोळी ताब्यात घेणारा नवा नर आधीच्या म्होरक्याची तान्ही पिल्लं मारतो. पिल्लू गेलं की मादी लवकर पुन्हा माजावर येते आणि नव्याची पिल्लं जन्माला येतात. सत्ता म्हणजे एवढंच.

माडगूळकरांनी हे कल्पनेने रचलेलं नाही. धारवाडच्या रानात युकिमारू सुगियामा या जपानी संशोधकाने साठच्या दशकात हे पहिल्यांदा नोंदवलं. पुढे साराह हर्डी या अमेरिकन बाईंनी अबूच्या डोंगरावर वानरांचा अभ्यास केला आणि १९७७ साली पुस्तक लिहिलं. त्यावर शास्त्रज्ञांत मोठा वाद झाला. गर्दीमुळे, माणसाच्या उपद्रवामुळे बिघडलेल्या प्राण्यांचं हे वागणं असावं, असं बऱ्याच जणांचं म्हणणं होतं. सुदृढ वानर असं करेल हे त्यांना पटत नव्हतं. तो वाद धुमसत असताना मराठीत त्यावर कादंबरी आली. ही गोष्ट आपण अभिमानाने सांगायला हवी, पण आपण 'सत्तांतर'चं कौतुक राजकारणाचं रूपक म्हणूनच करत बसलो. मुंबईत सरकार बदललं की कुणीतरी अग्रलेखात त्याचा दाखला देतं. वानर वाचायचा राहून जातो.

माझं उत्तर असं आहे की बारा-तेराव्या वर्षी द्यावं, आणि द्यायच्या आधी स्वतः वाचावं. त्या वयात मुलं ती मारामारीची गोष्ट म्हणून वाचतात, पिलांपाशी येऊन थबकतात आणि घरी विचारतात. विचारू द्यावं. पंचतंत्रातला कोल्हा धूर्त, सिंह मूर्ख, ससा चतुर, हे पाचव्या वर्षी ठीक आहे. ती माणसांचीच गोष्ट आहे, कातडी फक्त प्राण्यांची. पण पंधराव्या वर्षापर्यंत मूल तिथेच राहिलं, तर उसात राहणारा खरा कोल्हा त्याला कधी भेटत नाही. आणि मोठ्या वयात, अंगातली रग ओसरल्यावर 'सत्तांतर' पुन्हा वाचावं. मग त्यातला म्हातारा म्होरक्या वेगळा दिसतो. कसा, ते मी सांगणार नाही. इथे पुढच्या रांगेत बसलेल्या काही माजी अध्यक्षांना ते आपलं आपण कळेल.

मुलांपासून लपवू नये अशी आणखी एक बाजू आहे: बंदूक. आपले बरेचसे निसर्गलेखक बंदुकीच्या मार्गाने रानात शिरले. सलीम अलींची सुरुवात एअरगनने पाडलेल्या एका चिमणीपासून झाली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता, ती कोणती म्हणून विचारायला पोरगा मुंबईच्या नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेला. १९०८ सालची गोष्ट. जिम कॉर्बेट नरभक्षक वाघांमागे बंदूक घेऊन हिंडले आणि उतारवयात कॅमेऱ्याकडे वळले. माडगूळकरांनाही तरुणपणी शिकारीचा नाद होता. वन्यजीव संरक्षण कायदा आला १९७२ साली. त्याआधीची पुस्तकं त्या काळाची आहेत. काही शाळांच्या ग्रंथालयांतून शिकारकथा काढून टाकल्या गेल्याचं मी ऐकतो. मला हे पटत नाही. प्राणी मारायला गेलेला माणूस त्याच्या मागावर तासन् तास बसून शेवटी त्याला पाहायला कसा शिकला, हे त्या पुस्तकांतच दिसतं. कॉर्बेट वाचलेल्या मुलाला ठसे कसे वाचायचे हे कळतं. ओरडणाऱ्या सांबरावरून आणि माकडावरून वाघ कुठे आहे याचा अंदाज कसा बांधायचा, हेही कळतं. 'प्राणी आपले मित्र' वाचून त्यातलं काहीच कळत नाही.

चितमपल्लींबद्दल बोलल्याशिवाय मराठीत या विषयावर बोलताच येत नाही. वनखात्यात नोकरी, कर्नाळा, नवेगाव, नागझिरा, मेळघाट असा मुक्काम, २००६ साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद, आणि २०२५ च्या जूनमध्ये ते गेले, त्याच्या काही महिने आधी पद्मश्री. 'रानवाटा' आणि 'जंगलाचं देणं' ही पुस्तकं आपल्याकडे आहेत. 'चकवाचांदणं' हे आत्मचरित्रही आहे, पण त्याची मधली पानं कुणीतरी कापून नेली आहेत. चोरही रसिक असतात.

चितमपल्ली वाचताना माझा एक आग्रह आहे. त्यांनी गोंड, पारधी, कोळी, मासेमार अशा माणसांकडून ऐकलेलं आणि स्वतः पाहिलेलं एकाच ओघात लिहिलं. ती त्यांची ताकद आहे. तळ्यावरच्या पक्ष्यांना मासेमार काय म्हणतो आणि का, हे इतक्या बारकाईने मराठीत दुसऱ्या कुणी नोंदवलं नाही. पण ऐकीव आणि पाहिलेलं शेजारी शेजारी बसलं की वाचकाने जागं राहावं लागतं. भारद्वाजाच्या घरट्यात लोखंड तोडणारी मुळी असते असं आपल्याकडे गावोगाव सांगतात. अशा गोष्टी लोकांचं मन समजायला मोलाच्या आहेत, भारद्वाज समजायला नाहीत. त्यांच्या पुस्तकाच्या मार्जिनमध्ये पेन्सिलीने 'ऐ' आणि 'पा' अशा खुणा करत वाचावं. (वाचनालयाच्या प्रतीवर करू नये, ग्रंथपाल माझ्याकडे बघताहेत.) चितमपल्लींचा मान अशा वाचनाने कमी होत नाही. ते स्वतः आयुष्यभर वह्या लिहिणारे होते.

'ऋतुचक्र'बद्दल थोडक्यात. हे १९५६ चं पुस्तक, चैत्रापासून फाल्गुनापर्यंत बारा महिने. लोक ते एका बैठकीत वाचतात आणि 'भाषा काय सुंदर' म्हणून परत करतात. ते तसं वाचायचं पुस्तकच नव्हे. चैत्रात चैत्र वाचावा, आषाढात आषाढ. वाचून झाल्यावर आपल्या आळीतलं एक फेरफटक्याचं अंतर चालून यावं आणि दुर्गाबाईंना दिसलेलं आपल्याला दिसतं का ते बघावं. त्यांनी पाहिली ती बरीचशी मुंबईची झाडं, मुंबईचं आभाळ. आपल्या दुष्काळी बाजूला वेळापत्रक निराळं आहे. बहावा कधी फुलला, पांगारा कधी, आंब्याला मोहर कधी आला, हे आपल्यापुरतं लिहून ठेवलं तर दहा वर्षांनी ते कागद पाऊसपाण्याबद्दल बरंच काही बोलतील. आपल्याकडचा म्हातारा शेतकरी हे करतच आला आहे, फक्त कागदावर नाही. शिवाय त्याच्या तोंडी पंचांगातली नक्षत्रांची वाहनं असतात: मृग लागला, वाहन कोल्हा, पाऊस कमी. वाहन बेडूक, पाऊस बरा. ही वाहनं खरी ठरतात का, याची नोंद ठेवणारा एकतरी गृहस्थ मला भेटावा अशी इच्छा आहे. वर्षानुवर्षं वाचली जातात, पडताळली कुणीच नाहीत.

आता ज्या गोष्टीसाठी मी 'बालवाचकांसाठी' या शब्दाशी भांडलो, तिथे येतो.

आपला जिल्हा उसाचा. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या पट्ट्यात धरणांचं पाणी आलं, ऊस आला, आणि उसाबरोबर बिबट्या. बारा-चौदा महिने उभं राहणारं, माणूस आत न शिरणारं पीक. सावली, पाणी, कडेला वस्ती आणि वस्तीवर कुत्री. बिबट्याची मादी तिथेच विते, पिल्लं तिथेच वाढतात. उसात जन्मलेल्या बिबट्याला ऊस हेच जंगल. डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम महाराष्ट्रात, अकोले तालुक्याच्या बाजूला, दाट वस्तीतल्या बिबट्यांचा अभ्यास केला. त्यांच्या खाण्यात सर्वांत जास्त आढळली ती कुत्री. २००९ साली कॉलर लावून माळशेज घाटात सोडलेला एक नर बिबट्या चालत चालत मुंबईच्या संजय गांधी उद्यानापर्यंत गेला. त्याला 'आजोबा' म्हणत. त्याच्यावर मराठी सिनेमाही निघाला. तो सिनेमा पुष्कळांनी पाहिला.

पण याच अभ्यासकांचा दुसरा निष्कर्ष फार कमी जणांपर्यंत पोचला. २००१ ते २००३ या काळात जुन्नर भागातून मोठ्या संख्येने बिबटे पिंजऱ्यात पकडले गेले आणि त्यातले काही दुसऱ्या जंगलांत नेऊन सोडले. माणसांवरचे हल्ले त्यानंतर कमी व्हायला हवे होते. ते वाढले. अनोळखी मुलखात टाकलेलं जनावर आणि मोकळ्या झालेल्या जागेत शिरणारं नवं जनावर, दोन्ही बिथरलेली. हा शोधनिबंध इंग्रजीत, परदेशी नियतकालिकात छापला गेला. ज्यांच्या गोठ्याबद्दल, ज्यांच्या अंगणाबद्दल तो होता, त्यांच्या हातात तो त्यांच्या भाषेत कधी पडला नाही. म्हणून आजही बिबट्या दिसला की गावाची पहिली मागणी असते, पिंजरा लावा आणि लांब नेऊन सोडा.

ही मागणी मूर्खपणाची आहे असं मी म्हणणार नाही. या पट्ट्यात माणसं गेली आहेत, लहान मुलं गेली आहेत. अंगणातून मूल उचललं गेलेल्या आईपुढे 'बिबट्या आपला मित्र' असं रंगीत पुस्तक ठेवायची माझी हिंमत नाही, तुमचीही नसावी. शहरात बसून लिहिलेल्या बऱ्याच निसर्गपुस्तकांत भीतीला जागाच नसते, हा माझा त्यांच्यावरचा मोठा आक्षेप आहे. रानाशेजारी राहणाऱ्याला भीती वाटते आणि ती रास्त आहे. भीतीसकट वाचता येईल असं पुस्तक हवं.

गळीत हंगामात तोडीला आलेली टोळी डोळ्यांसमोर आणा. बीडकडची, अहिल्यानगरकडची माणसं, शेताच्या कडेला कोप्या, कोप्यांपुढे खेळणारी पोरं. पहाटे तोड सुरू होते. कोयत्यांच्या रेषेपुढे ऊस आडवा होत जातो आणि फडाचा शेवटचा पट्टा उरला की पाचटाखाली दोन-तीन पिल्लं सापडतात, मांजराच्या पिलांएवढी, डोळे धड न उघडलेली. इथून पुढच्या दहा मिनिटांत काय होतं त्यावर सगळं अवलंबून. कुणीतरी उचलून घेतं, मोबाईलवर फोटो काढले जातात, पोरं हातात घेतात. कुणी सांगतं, ही वाघाटीची, म्हणजे लहान रानमांजराची आहेत. कुणाचीही असोत, आई जवळच असते. योग्य मार्ग ठरलेला आहे: तोड तिथे थांबवायची, मुलांना कोपीत न्यायचं, वनखात्याला १९२६ वर कळवायचं. खात्याची माणसं पिल्लं तपासतात आणि संध्याकाळी त्याच जागी क्रेटमध्ये ठेवतात. रात्री आई येते आणि एकेक करून घेऊन जाते. बहुतेक वेळा येते. पिल्लं नेली आणि आईला सापडली नाहीत, तर ती त्या वस्तीभोवती घिरट्या घालते, आणि तो काळ सगळ्यांनाच धोक्याचा.

हे सगळं एका पानात मावतं. तसं पान निघालेलंही आहे, मी पाहिलेलं आहे. एका सरकारी पत्रकातली भाषा मात्र अशी होती की 'सदर वन्यप्राण्याची अपत्ये आढळून आल्यास' इथेच मुकादमाने ते घडी घालून खिशात ठेवलं. मी त्याला दोष देत नाही. 'पिल्लं दिसली तर हात लावू नका, तोड थांबवा' एवढं मोठ्या अक्षरात हवं, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला ते कुणी वाचून दाखवायला हवं. टोळीत एखादी पोरगी तरी चौथी-पाचवी शिकलेली असते. ती वाचेल. शेतात एकट्याने खाली वाकून बसू नका, अंधारात जाताना मोबाईलवर गाणी लावा, काठीला घुंगरू बांधा, कोपीपुढचा उजेड विझवू नका, उरलेलं अन्न बाहेर टाकून कुत्री गोळा करू नका: ही वाक्यं त्या मुलीने बापाला, आजीला मोठ्याने वाचून दाखवली, तर मराठी निसर्गसाहित्यातलं ते त्या हंगामातलं सर्वांत उपयोगी वाचन ठरेल. चितमपल्लींनाही याला हरकत नसती.

म्हणून 'बालवाचकांसाठी' हा शब्द नको होता. इथे अनेकदा उलटंच असतं: मूल वाचतं आणि मोठा ऐकतो.

एका उणिवेबद्दल बोलून आवरतो. मराठी निसर्गलेखन रानावर प्रेम करतं. त्यातही विदर्भातल्या रानावर. समुद्राबद्दल आपल्याकडे पुस्तकं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. आणि माळरानाबद्दल तर त्याहून कमी. दख्खनचा माळ सातबाऱ्यावर 'पडीक' म्हणून चढला आणि तिथेच त्याची कथा संपली. त्यावर झाडं लावली की पुण्य लागतं असं आपण मानतो, पण उघडा, गवताळ माळ हेच लांडग्याचं, तणमोराचं, माळढोकाचं घर आहे. सोलापूरजवळ नान्नजला माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य झालं. आज तिथे माळढोक दिसणं ही बातमी असते. एकेकाळी सलीम अलींनी त्याला राष्ट्रीय पक्षी करावं असं सुचवलं होतं. १९६३ साली मान मोराला मिळाला. माळावर हिंडणारा धनगर लांडग्याबद्दल जे जाणतो ते लिहून घेणारा माणूस अजून मराठीला पुरेसा मिळालेला नाही. इसापाचा 'लांडगा आला रे' मात्र प्रत्येक घरात पोचला.

ज्यांच्या स्मरणार्थ ही माला चालते, ते आपले दिवंगत ग्रंथपाल पुस्तक देताना सभासदाला एक प्रश्न विचारत: मागचं वाचलंत का? 'हो' म्हटलं की पुढचा प्रश्न, काय होतं त्यात? लोक त्यांना घाबरत. काही जण त्यांची सुट्टी असलेला दिवस बघून येत.

त्यांच्या नावाने कार्यकारिणीला माझी एक मागणी आहे. 'निसर्ग' नावाचं एक कपाट करा, जिन्याखाली नाही, खिडकीशेजारी. संकीर्ण, ललित, कादंबरी, आरोग्य, सगळीकडे विखुरलेली ही पुस्तकं दाखल नोंदवहीत जिथे असतील तिथे असू द्या, पण प्रत्यक्षात इथे आणा. मोठ्यांची आणि मुलांची एकाच कपाटात, मुलांची खालच्या खणात, एवढंच. संदर्भ विभागातलं सलीम अलींचं पुस्तक कुलपातून बाहेर काढा. त्यातली चित्रं बघायला इंग्रजी लागत नाही. गळीत हंगामात त्या बिबट्याच्या पत्रकाचा सोप्या भाषेतला गठ्ठा दारात ठेवा. आणि कपाटाला टांगून एक जाड वही ठेवा. जो कुणी पुस्तक परत करायला येईल त्याने त्यातली एक गोष्ट आपल्या भागात पडताळून पाहिली असेल तर तिथे लिहावी: तारीख, जागा, काय दिसलं, पुस्तकाशी जुळलं की नाही. सहीची गरज नाही, वय लिहावं.

वहीचा खर्च माझ्याकडे लागला. पेन मात्र दोरीने बांधून ठेवा.